‘भारी’ औषध म्हणजे कोणते?



‘ताप आला की आधी भारी अँटिबायोटिक, तपासणी मागाहून’ असा सल्ला देणारे वाचकाचे पत्र वाचले. रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून रक्त तपासायला कोण जाणार, हा त्यांचा मुद्दा खराच. पण औषध भारी कशावरून? किमतीवरून?

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवत-झुडपांतल्या, जेमतेम दिसणाऱ्या चिगर माइटच्या चाव्यातून त्याचा जिवाणू अंगात शिरतो आणि थेट आपल्या पेशींच्या आत घर करतो. पेनिसिलिन, सेफ्ट्रायॅक्सोन ही औषधे जिवाणूला भिंत बांधू देत नाहीत. पेशींच्या आत राहणाऱ्या या जिवाणूवर ती चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन मात्र पेशीत शिरून त्याचा प्रथिने बनवण्याचा कारखानाच बंद पाडते. आणि ही कॅप्सूल मिळते काही रुपयांत!

ताप बदलला की औषधही बदलते. मलेरिया परजीवीचा. त्यातला व्हायवॅक्स हा प्रकार यकृतात दडून बसतो, म्हणून प्रायमाक्विन १४ दिवस. डेंग्यू विषाणूचा, त्याला यातले काहीच लागू पडत नाही.

स्क्रब टायफसची खूण म्हणून काखेत, जांघेत, कमरेला चटका बसल्यासारखी काळी खपली आहे का, हे घरच्यांनीही पाहावे. ती प्रत्येकाला नसते, म्हणून रक्ततपासणी. संशय दाट असेल तर डॉक्टर अहवालाआधीच डॉक्सिसायक्लिन सुरू करतात. म्हणजे पत्रलेखकांची घाई अगदीच चूक नाही. चुकले ते औषध.

– एक वाचक, फुलचूर (जि. गोंदिया)