खिडकीतून दिसणाऱ्या धावा

दोस्तांनो, २०२५ च्या महिला विश्वचषकात आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनानं एकूण किती धावा काढल्या? क्रिकेटवेडे चटकन सांगतील, ४३४! अगदी बरोबर. स्पर्धेत तिच्यापुढे एकटी दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ट होती, ५७१ धावांची.

आता दुसरा प्रश्न. इंग्लंडशी सामना संपला तेव्हा स्मृतीच्या किती धावा झाल्या होत्या? आणि आदल्या सामन्यापेक्षा त्या दिवशी किती जास्त? आता कशी बोटं मोजायला लागलात! थांबा, आधी तक्ताच मांडू.

३० सप्टेंबर, श्रीलंका, गुवाहाटी : ८
५ ऑक्टोबर, पाकिस्तान, कोलंबो : २३
९ ऑक्टोबर, दक्षिण आफ्रिका, विशाखापट्टणम : २३
१२ ऑक्टोबर, ऑस्ट्रेलिया, विशाखापट्टणम : ८०
१९ ऑक्टोबर, इंग्लंड, इंदूर : ८८
२३ ऑक्टोबर, न्यूझीलंड, नवी मुंबई : १०९
२६ ऑक्टोबर, बांगलादेश, नवी मुंबई : नाबाद ३४
३० ऑक्टोबर, ऑस्ट्रेलिया, नवी मुंबई : २४
२ नोव्हेंबर, दक्षिण आफ्रिका, नवी मुंबई : ४५

नवी मुंबई म्हणजे नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, बरं का. शेवटचे चारही सामने तिथेच झाले. वाशी-बेलापूरच्या मुलामुलींची चंगळच!

असे तक्ते संगणकात ठेवायच्या पद्धतीला डेटाबेस म्हणतात, आणि त्याला प्रश्न विचारायच्या भाषेला एसक्यूएल. गंमत बघा, नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० च्या मार्चमध्ये, आणि माहिती ओळी आणि रकान्यांत कशी मांडावी हे सांगणारा एडगर कॉड यांचा प्रसिद्ध लेख आला त्याच वर्षी जूनमध्ये. म्हणजे दोघं एकाच वर्गातले! पुढे १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या आयबीएम कंपनीतल्या दोघांनी त्यावरून ही भाषा बेतली.

तर या भाषेत बेरीज करायची सोपी रीत आहे, ग्रुप बाय. एका खेळाडूच्या सगळ्या ओळी गोळा कर आणि बेरीज दे, असं सांगायचं. उत्तर येतं ४३४. पण नऊ ओळींची घडी घालून संगणकानं एकच ओळ आपल्या हातात ठेवली! सामने कुठे गेले? भारत आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याशी ओळीनं तीन सामने हरला होता. न्यूझीलंडशी हरलो असतो तर उपांत्य फेरी फारच अवघड होती. आणि नेमक्या त्याच दिवशी स्मृतीनं १०९ आणि प्रतिका रावलनं १२२ धावा ठोकल्या. ४३४ या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

इथे मदतीला येते खिडकी. विंडो फंक्शन हे तिचं नाव. ओळ जागची हलत नाही, पुसली जात नाही. फक्त तिथे बसल्या बसल्या तिला एक खिडकी उघडून मिळते आणि तिच्यातून शेजारच्या ओळी दिसतात. दिसतील त्यांचा हिशेब करून उत्तर आपल्याच शेजारी लिहायचं. ही खिडकी उघडणारा शब्द आहे ओव्हर. सहा चेंडूंची ओव्हर नव्हे हं!

बेरीज सांगणारा शब्द सम. सम धावा, ओव्हर, आणि पुढे कंसात ऑर्डर बाय तारीख, इतकं लिहिलं की प्रत्येक ओळीला पहिल्या सामन्यापासून स्वतःपर्यंतच्याच ओळी दिसतात. मग आकडे येतात ८, ३१, ५४, १३४, २२२, ३३१, ३६५, ३८९, ४३४. ही झाली धावती बेरीज. इंग्लंडच्या ओळीपुढे २२२, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं! पहिल्या तीन सामन्यांत मिळून ५४ आणि पुढच्या तिनांत २७७, हेही डोळ्यांना दिसलं.

दुसऱ्या प्रश्नासाठी शब्द आहे लॅग. तो मागच्या ओळीत डोकावतो. इंग्लंडच्या ओळीला मागे ८० दिसतात, ८८ मधून वजा केले की ८ जास्त. मग श्रीलंकेच्या पहिल्या ओळीला मागे काय दिसतं? काहीच नाही. तिथे संगणक शून्य लिहीत नाही, जागा रिकामी ठेवतो. या रिकामेपणाला नल म्हणतात. (पाण्याचा नळ वेगळा!) आणि हे योग्यच आहे. शून्यावर बाद होणं आणि सामनाच न होणं या काय एकच गोष्टी आहेत?

खिडकीला आडव्या भिंतीही घालता येतात. पार्टिशन बाय मैदान म्हटलं की प्रत्येक मैदानाची खोली वेगळी आणि बेरीज दर खोलीत नव्यानं सुरू. विशाखापट्टणमच्या खोलीत २३, १०३. नवी मुंबईच्या खोलीत १०९, १४३, १६७, २१२. म्हणजे जवळजवळ निम्म्या धावा नेरूळला!

पण इथे एक खड्डा आहे, भले भले त्यात पडतात. ओळी गाळायचा शब्द आहे व्हेअर. फक्त नवी मुंबईच्या ओळी ठेव असं व्हेअरनं सांगितलं, तर ते काम आधी होतं आणि खिडकी नंतर उघडते. मग न्यूझीलंडच्या ओळीला मागे इंग्लंडचे ८८ दिसतच नाहीत, तिथे नल येतो. खिडकी उघडली खरी, पण बाहेरची माणसं आधीच घरी गेलेली! म्हणून आधी खिडकीतून हिशेब करायचा, ते उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात घालायचं आणि मग गाळायचं.

आता येते ती तुमच्या माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. नंबर! स्मृतीचे डाव मोठ्यापासून लहान असे लावू. १०९, ८८, ८०, ४५, ३४, २४, २३, २३, ८. दोन वेळा २३ आहेत. मग शेवटच्या ८ चा नंबर कितवा? रँक या शब्दाला विचाराल तर तो म्हणेल, दोन्ही तेविसांचा सातवा आणि आठचा नववा. डेन्स रँक म्हणेल, सातवा, सातवा आणि मग आठवा, मधे खाडा नाही. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत.

तिसरा आहे रो नंबर. तो एका तेविसाला सातवा देतो आणि दुसऱ्याला आठवा. कोणाला कोणता? आपण आणखी काही नियम घातला नसेल तर तो मर्जीनं देतो, आणि उद्या उलटंही देईल! धावांच्या तक्त्यात यानं कोणाचं बिघडत नाही. पण समजा चित्रकला स्पर्धेत पहिल्या तिघांना बक्षीस आहे आणि तिसऱ्या जागी दोघींना सारखेच गुण आहेत. यादी करणाऱ्यानं रो नंबर वापरला, तर एकीला बक्षीस आणि दुसरी चौथी, तेही काहीच कारण नसताना. माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी रँकच वापरावा आणि एक बक्षीस जास्त आणावं. आईबाबांनीही एखादी यादी हातात आली की खुशाल विचारावं, सारखे गुण असतील तर नंबर कसे दिले?

ही खिडकी एसक्यूएलच्या अधिकृत नियमांत आली २००३ साली. एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस फुकट मिळतो, साध्याशा संगणकावरही चालतो, आणि २०१८ पासून त्यातही खिडकी आहे. वरच्या नऊ ओळी त्यात भरा आणि हे कोडं सोडवा.

प्रत्येक ओळीला ती स्वतः आणि मागच्या दोन, अशा तीनच ओळी दिसतील इतकी छोटी खिडकी करायची आणि त्यातल्या धावांना ओळींच्या संख्येनं भागायचं. उदाहरणार्थ, ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या सामन्यापाशी २३, २३ आणि ८० मिळून १२६, म्हणून उत्तर ४२. सगळ्यांत मोठं उत्तर कोणत्या सामन्यापाशी येतं? आणि श्रीलंकेच्या ओळीमागे तर दोन ओळी नाहीतच, तरी संगणक तिथे ८ असं उत्तर देतो. ते कसं काढलं असेल त्यानं, आणि तुम्हाला पटतं का ते? उत्तरं पुढच्या आठवड्यात!