पत्त्यांची वही आणि जंकची पेटी

देवगडहून येणारा रस्ता नांदगाव तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो आणि पुढे फोंडाघाट चढून राधानगरीमार्गे निपाणीकडे जातो. चैत्र-वैशाखात हापूसच्या पेट्यांनी भरलेली वाहने या तिठ्यावरून रात्रंदिवस धावत असतात. पूर्वी यांतील बहुतेक माल वाशीच्या बाजारात दलालाच्या हाती जाई. आता अनेक बागायतदार व व्यापारी पुणे, मुंबई, कोल्हापूर, सांगली येथील कुटुंबांकडे थेट पेटी पोहोचवितात. या थेट व्यवहाराचे भांडवल म्हणजे गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची वही. ती वही आता बहुधा संगणकात असते आणि हंगामाची वर्दी ई-मेलने जाते.

समजा, अशा एखाद्या व्यापाऱ्याने गुढीपाडव्याला बाराशे जुन्या गिऱ्हाइकांना भावपत्रक धाडले. आठ दिवस झाले तरी मागणी येईना, म्हणून त्याने एका जुन्या गिऱ्हाइकास दूरध्वनी केला. ‘पत्र आलेच नाही,’ असे उत्तर मिळाले. शोधता शोधता ते सापडले, पण जंक मेलच्या पेटीत. जीमेलमध्ये त्या पेटीतले पत्र ३० दिवसांनी आपोआप नाहीसे होते, आणि उतरविलेला हापूस तर तेवढेही थांबत नाही. कापडाचा किंवा भांड्यांचा व्यापारी पुढच्या महिन्यावर भिस्त ठेवू शकतो. फळवाल्याला ती सोय नाही.

या गाळणीमागे मोठा इतिहास आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेटवरील सुमारे चारशे जणांना आपल्या नव्या संगणकांची जाहिरात एकाच वेळी पाठविली. न मागितलेल्या घाऊक टपालाचा पहिला नमुना म्हणून हीच घटना सांगितली जाते. पत्ते इतके होते की ठरलेल्या जागेत मावेनात. उरलेले पत्राच्या मजकुरातच सांडले आणि त्या लोकांना पत्र पोहोचलेच नाही. पत्त्यांच्या यादीची हेळसांड ही या धंद्याइतकीच जुनी आहे, असे म्हणावयास हरकत नाही! पुढे अशा टपालाचा पूर आला. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी शब्दांच्या संभाव्यतेवरून नको असलेले पत्र ओळखण्याची रीत मांडली आणि तिचा मोठा प्रसार झाला. त्यामुळे आजही पुष्कळ व्यापाऱ्यांची समजूत अशी, की ‘मोफत’, ‘सवलत’ हे शब्द टाळले म्हणजे काम झाले. ती समजूत आता अपुरी आहे. आजची गाळणी मजकूर पाहतेच. पण त्याहून अधिक ती पाठविणाऱ्याची पत पाहते. बाजारात उधारी देण्यापूर्वी पेढीची पत पाहतात, तसाच हा प्रकार.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी याबाबत कडक नियम लागू केले. जीमेलच्या पत्त्यांवर एका दिवसात सुमारे ५००० किंवा अधिक पत्रे पाठविणारा तो घाऊक प्रेषक, आणि त्याला तीन खुणा बंधनकारक. लहान व्यापारी या संख्येच्या जवळपासही जात नाही. तरीही तिन्ही खुणा त्याने कराव्यात, कारण नवख्या व बिनखुणेच्या पत्राकडे संशयानेच पाहिले जाते.

पहिली खूण एसपीएफ. आपल्या नावाच्या डोमेनवरून पत्र पाठविण्याचा अधिकार कोणकोणत्या सर्व्हरला आहे, याची ती जाहीर नोंद. दुसरी डीकेआयएम, म्हणजे प्रत्येक पत्रावर उमटणारी गुप्त किल्लीची मोहोर. वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. तिसरी डीमार्क. पहिल्या दोन्ही खुणा जुळल्या नाहीत तर पत्र स्वीकारावे, जंकमध्ये टाकावे की परत धाडावे, हे ती समोरच्या टपालसेवेस सांगते. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर सांकेतिक क्रमांकाची चिकटपट्टी आणली. ती काढू गेल्यास फाटते, आणि खाली दडलेला आकडा जुळला तरच फळ देवगडचे असे ग्राहकास कळते. परप्रांतीचा आंबा ‘देवगड’ म्हणून खपविणाऱ्यांवर तो उपाय होता. आपल्या पेढीच्या नावाने दुसऱ्याने पत्रे धाडू नयेत, म्हणून डीकेआयएम आणि डीमार्क हेच काम करतात.

येथेच एक चूक वारंवार घडते. व्यापारी घाऊक टपालाच्या सेवेत खाते उघडतो, पण प्रेषक म्हणून आपला फुकटचा जीमेल किंवा याहूचा पत्ता देतो. ते डोमेन त्याचे नाही. त्यामुळे मोहोर जुळत नाही. याहूने तर २०१४ मध्येच अशी न जुळणारी पत्रे नाकारण्याचे धोरण जाहीर केले. स्वतःच्या डोमेनचा वार्षिक खर्च आंब्याच्या एकदोन पेट्यांहून अधिक सहसा नसतो. तेथे काटकसर करू नये. तसेच साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० हून अधिक जणांना पत्र जात नाही. मर्यादा ओलांडली की त्या खात्यातून पत्रे पाठविणेच काही काळ बंद पडते, तेही नेमके हंगामात. आणि सर्वांचे पत्ते ‘सीसी’च्या रकान्यात घालून पाठविणे म्हणजे आपली गिऱ्हाइकांची वही प्रतिस्पर्ध्याच्या हाती देणे होय.

खुणा एकदा केल्या की झाले. वहीची निगा मात्र कायमची. ‘हे स्पॅम आहे’ अशी तक्रार हजारी एकाहून कमी असावी आणि तीनपर्यंत कधीच पोहोचू नये, अशी गूगलची अट आहे. बाराशेंच्या यादीत चार जणांनी ते बटण दाबले की मर्यादा ओलांडली! गिऱ्हाईक ते रागाने दाबते असे नाही. नाव वगळण्याची वाट सापडली नाही म्हणून दाबते. म्हणून ‘नाव वगळा’ हा दुवा पत्राच्या माथ्यावर, ठसठशीत असावा, एका टिचकीत काम व्हावे आणि दोन दिवसांच्या आत नाव खरोखर निघावे. पुष्कळांना हे जिवावर येते. परंतु जाऊ इच्छिणाऱ्याला अडविल्याने पेटी विकली जात नाही. उलट राहू इच्छिणाऱ्यांचे पत्रही जंकमध्ये पडते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असावे, असे तत्त्व आहे.

विकत मिळणाऱ्या याद्यांचा मोह अनेकांना पडतो. त्या याद्यांत ओस पडलेले पत्ते असतात, आणि त्यांतले काही टपालसेवांनी मुद्दाम सापळा म्हणून जागे ठेवलेले असतात. त्यांवर पत्र गेले की वर्षानुवर्षांची पत एका सकाळी उतरते.

घरच्या जुन्या यादीचेही तसेच होते, आणि याचा अनुभव व्यापारी कुटुंबांना पर्युषणानंतर येतो. वर्षातून एकदाच संपूर्ण वही उघडून दोन हजार जणांना क्षमापना-पत्र धाडले जाते. त्यांतील कित्येकांनी पत्ता बदललेला असतो, काही दिवंगत झालेले असतात. शेकडो पत्रे परत येतात आणि दिवाळीचे भावपत्रक त्याची किंमत मोजते. ‘असा पत्ता नाही’ म्हणून परतलेले नाव त्याच दिवशी खोडावे; ‘पेटी भरली आहे’ असे आल्यास दोन-तीनदा वाट पाहावी. क्षमापना-पत्र आणि भावपत्रक यांच्या याद्या वेगळ्याच ठेवाव्यात. आप्ताला क्षमापनेचे पत्र हवे असते, म्हणजे काजूचा भावही हवा असतो असे नव्हे.

आंब्याच्या व्यापाऱ्याने हे काम माघातच उरकावे. प्रथम गेल्या हंगामात पेटी घेतलेल्यांना पत्र जावे. ती मंडळी पत्र उघडतात, उत्तर देतात, आणि त्याने पत वाढते. दिवसाला शंभर, मग दोनशे, असे पंधरवडाभर चालवून मगच उरलेल्यांकडे वळावे. दोन वर्षांत ज्यांनी एकही पत्र उघडलेले दिसत नाही, त्यांना ‘नाव ठेवावे काय?’ असे एकदा विचारावे आणि उत्तर न आल्यास नाव वगळावे. नवे गिऱ्हाईक दुकानात येऊन नाव नोंदवील, तेव्हा पत्ता कागदावर त्याच्याच हाताने लिहून घ्यावा आणि खात्रीचे पत्र लगेच धाडून, गिऱ्हाईक समोर असतानाच ते कोणत्या पेटीत पडले हे पाहून घ्यावे.