वंशावळीत आई कुठे आहे?



नांदेड-परभणीकडे चाऊस हे आडनाव कुणाला नवीन नाही. या लोकांचे पूर्वज येमेनच्या हद्रमौत भागातून आले आणि निजामाच्या फौजेत शिपाई, जमादार झाले. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर त्या नोकऱ्या गेल्या. अनेक अरबांना अटकेत ठेवून परत पाठवण्यात आले. जे राहिले ते इथलेच झाले. तरी "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न त्यांच्या लेकींना अजून चुकत नाही.

विष्णुपुरीला विद्यापीठात शिकणारी अशीच एक मुलगी मध्यंतरी आमच्या बैठकीला आली होती. म्हणाली, "घरात सांगतात, आपण अरब. मला अरबी बोलता येत नाही. घरी दखनी, बाहेर मराठी. सात पिढ्यांच्या बापांची नावं पाठ आहेत, पण पणजीच्या आईचं नाव कुणालाच ठाऊक नाही."

ठाऊक असणार कसे? हद्रमौतहून बहुतेक पुरुष एकटेच येत आणि इथल्या बायकांशी संसार मांडत. त्या पोटी झालेल्यांना 'मुवल्लद', म्हणजे परमुलखात जन्मलेले, म्हणत आणि थेट तिकडून आलेल्यांपेक्षा कमी लेखत. मुलाने बाहेरची बायको केली तर चाले. मुलगी मात्र अरब घरातच द्यायची. घराण्याची राखण तिने करायची आणि वंशावळीत तिचे नाव नाही! यावर नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या कुलवृत्तांतांत तरी लेकींच्या शाखा कुठे असतात? सोयरीक ठरवताना जात कुणाच्या जिवावर राखली जाते?

कायदाही बापाचाच होता. डिसेंबर १९९२ पर्यंत परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारताचे नागरिकत्व मिळे ते वडील भारतीय असतील तरच. आई भारतीय असून उपयोग नसे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव आले, तेही वडिलांच्या आधी. याचे स्वागत. पण विवाहितेच्या नावापुढे नवऱ्याचे नाव लावण्याची रीत त्याच निर्णयाने कायम ठेवली. म्हणजे लेकीला मिळालेले आईचे नाव लग्नापर्यंतच!

पुढच्या अंकासाठी गटांनी आपल्या आईकडच्या पिढ्या लिहून पाठवाव्यात. आई, आजी, आजीची आई, जिथवर जाता येईल तिथवर. नाव सापडले नाही तर गाव लिहा. गावही नसेल तर जागा कोरी सोडा. आम्ही ती कोरीच छापू.