धूर की वाफ?

बी.ए.ला मला तर्कशास्त्राचा एक पेपर होता. "संसारात याचा काय ग उपयोग?" असं आई म्हणायची. मलाही तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. पण एक गंमत त्या वेळीच लक्षात राहिली. आपल्या जुन्या न्यायशास्त्र्यांनी, अनुमान कसं करावं हे समजावताना जे उदाहरण घेतलं, ते चक्क स्वयंपाकघराचं आहे!

डोंगरावर धूर दिसतो, आग दिसत नाही. तरी आपण म्हणतो, तिथे आग आहे. का? तर जिथे धूर तिथे आग, हे आपण पाहिलेलं असतं. कुठे पाहिलेलं? स्वयंपाकघरात. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रह' या छोट्याशा संस्कृत ग्रंथावरून पिढ्यान् पिढ्या मुलं न्याय शिकत आली, त्यात हेच उदाहरण आहे. म्हणजे बघा, भल्याभल्या पंडितांना दाखला द्यायला शेवटी आपल्या चुलीपाशीच यावं लागलं.

पण ते पंडित आणखी एक गोष्ट बजावून सांगतात. 'जिथे धूर तिथे आग' हे खरं असलं, तरी 'जिथे आग तिथे धूर' हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर होतो तो ओल्या लाकडामुळे. आपल्या गॅसच्या शेगडीकडे पाहिलं की हे लगेच पटतं. शिवाय समोर दिसतोय तो मुळात धूरच आहे ना, की नुसती वाफ, हेही आधी नीट पाहायला हवं. कुकरच्या वाफेवरून कुणी घराला आग लागल्याची बोंब ठोकली तर कसं व्हायचं?

हसू नका हं. मी तेच केलं होतं.

चार वर्षांपूर्वी माझ्या मोत्यांच्या कुड्यांपैकी एक हरवली. सोमवारी आमच्याकडे नव्या बाई कामाला लागल्या आणि गुरुवारी कुडी नाहीशी. मी त्यांना चोर म्हटलं नाही. छे, मी सुशिक्षित ना! फक्त "तुम्हाला कुठे दिसली का हो?" असं एका दिवसात तीनदा विचारलं. कपाटाची किल्ली कमरेला लावली. आणि जिन्यात दोघीतिघींना सहज म्हणून सांगितलं. बाईंनी महिना भरला, पगार घेतला आणि "उद्यापासून येत नाही" म्हणाल्या. मला वाटलं, बघा, मनात होतं तेच खरं झालं!

दिवाळीच्या आवराआवरीत कुडी उशीच्या अभ्र्याच्या शिवणीत सापडली.

दुसऱ्या दिवशी बाईंचं घर शोधत गेले. माफी मागितली. त्या रडल्या नाहीत की चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, हरवल्याचं चार घरांत सांगितलंत, आता सापडल्याचंही तेवढ्याच घरांत सांगा. त्यातली दोन कामं माझी गेलीत." मी तशीच परतले आणि घरोघरी जाऊन सांगितलं. एका घरी काय ऐकायला मिळालं असेल? "असू दे हो, तुमची कुडी सापडली ते बरंच झालं. पण आग असल्याशिवाय धूर निघत नाही!"

अहो, तो धूर मीच केला होता! माझ्याच तोंडून निघालेली वाफ ती.

आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. एकापाठोपाठ एक घडलं म्हणून पहिल्यामुळे दुसरं घडलं असं होत नाही. नवी बाई आली आणि कुडी गेली, हा शुद्ध कावळा आणि फांदीचा प्रकार. सून घरात आली आणि सासऱ्यांचा धंदा बुडाला, मूल जन्मलं आणि बापाची नोकरी गेली, हेही तसलेच. अशा तुटलेल्या फांद्यांचं खापर बहुतेक वेळा आपल्याच बायकांच्या माथी फुटतं. म्हणून तर्काची गरज प्राध्यापकांपेक्षा आपल्याला जास्त आहे, असं माझं मत आहे.

आणि कधी कधी प्रश्न जिवाचा असतो. साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेलेला माणूस बरा झाला, अशा गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. त्यातल्या पुष्कळ खऱ्याही असतात. पण कारण मंत्र नव्हे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारीच असतात. माणसं दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार जातींच्या दंशाने. त्यातही दर वेळी साप विष सोडतोच असं नाही. विष अंगात गेलेलं नसलं की मांत्रिक यशस्वी! आणि गेलेलं असलं, तर दवाखान्यातल्या प्रतिविषाच्या इंजेक्शनाला उशीर झालेला असतो. बरे झालेले गावभर सांगत फिरतात, गेलेले सांगायला येत नाहीत. म्हणून तर महाराष्ट्रात 2013 साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने, साप, विंचू वा कुत्रं चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा ठरवला. या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, हे आपण विसरू नये. सरळ विचार करा एवढं सांगण्याची किंमत कधी कधी इतकी मोठी असते.

तर मग सगळीकडे तर्कच चालवावा का? मलाही एकेकाळी तसंच वाटे. एका प्रसंगाने मी जरा नमते झाले.

माझी मावशी गेली, त्याला सहा वर्षं झाली. तिची थोरली मुलगी जन्मापासून ऐकू-बोलू न शकणारी, लग्न न झालेली. दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. तासभर होत आला. ऊन वाढलं. लोक कुजबुजायला लागले. मला कारण स्वच्छ दिसत होतं. पिंडाभोवती तीस-चाळीस माणसं दाटीवाटीने उभी, कावळा येईल कसा? मी मावसभावाच्या कानाशी लागले, "दादा, सगळ्यांना जरा मागे सरायला सांग, लगेच येईल बघ."

"थांब ग जरा," तो म्हणाला. मग पुढे झाला. त्याला वाट द्यायला माणसं मागे सरली. त्याने हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आई, ताईला आम्ही अंतर देणार नाही. वरची खोली तिचीच राहील." मागोमाग वहिनी पुढे आली, तिनेही हात जोडले. दोघं मागे झाली आणि थोड्याच वेळात कावळा उतरला.

माणसं मागे हटली म्हणूनच तो आला, हे मला तेव्हाही कळत होतं, आजही तसंच वाटतं. माझा तर्क चुकला नव्हता. पण तिथे प्रश्न कावळ्याचा नव्हताच मुळी! 'माझ्या मागे हिचं कोण?' हा मावशीचा जन्मभराचा प्रश्न होता. दादाने त्याचं उत्तर साऱ्या गोतावळ्यासमोर दिलं. मी मात्र कुणीच न विचारलेल्या प्रश्नाचं बिनचूक उत्तर घेऊन उभी होते. ताई आजही त्या वरच्या खोलीत आहे.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तर्क हा पोहरा आहे. आडात असेल तेवढं पाणी तो नेमकं वर काढतो. पण माया, शब्द पाळण्याची ओढ, दुसऱ्याच्या दुःखाची जाण, हे त्याने आडात ओतता येत नाही. ते आधीच असावं लागतं.

मात्र याचा अर्थ असा करून घेऊ नका की रूढी आली की तर्काने गप्प बसावं. त्याच घाटावर कुणी म्हणालं असतं, "सुनेने छळलं, म्हणून कावळा शिवत नाही," तर मी कुजबुजले नसते, मोठ्याने बोलले असते. कावळा तोच, पण एकदा त्याच्या निमित्ताने एका बाईला आधार मिळतो आणि एकदा एका बाईचा जीव पोळतो. जिथे कुणी पोळत असेल, तिथे तर्काने हटून बसावं. जिथे कुणाला नुसता धीर हवा असेल, तिथे त्याने थोडं थांबावं.

तेव्हा मैत्रिणींनो, कुणाबद्दल काही ऐकलंत, मग ते जिन्यात असो वा मोबाईलवर, तर तीन गोष्टी स्वतःला विचारा. हा धूर आहे की वाफ? कावळ्यामुळे फांदी तुटली, की नुसती गाठ पडली? आणि समोरचं माणूस माझ्याकडे खरोखर काय मागतंय? पहिल्या दोन प्रश्नांना डोकं पुरतं. तिसऱ्याला मात्र थोडं जवळ बसावं लागतं.

कुड्या आता मी रात्री डबीत ठेवते. आणि कधी डबीत दिसल्या नाहीत, तर आधी उशीचा अभ्रा झटकते.