दोन नावं ‘सारखी’ कधी म्हणायची? फाइलचं नाव, कोडिंग आणि आपली मराठी



आपल्या जिल्ह्याचं नाव मराठीत कसं लिहायचं, बुलडाणा की बुलढाणा? पाट्यांवर आणि वर्तमानपत्रांत दोन्ही दिसतात. वाचताना आपण अडखळत नाही, कारण जिल्हा एकच आहे हे आपल्याला माहीत असतं. संगणकाला ते माहीत नसतं. ‘ड’ वेगळा, ‘ढ’ वेगळा, म्हणून नावं दोन. ‘सिंदखेड राजा’ आणि ‘सिंदखेडराजा’ यांचंही तसंच. मधली मोकळी जागा त्याच्या हिशेबात एक अक्षरच असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये उच्च प्राथमिक टप्प्यावर कोडिंग आणायचं म्हटलं आहे. त्यामुळे हल्ली गेम बनवणं, मांजर चालवणं असले व्हिडिओ ढिगाने येतात. ते असू द्या. पण माझं स्पष्ट मत आहे की त्याआधी मुलांना एक प्रश्न पडायला हवा: दोन नावं सारखी आहेत हे ठरवतं कोण? आणि ‘फाइलची नावं इंग्रजीतच ठेवा, झंझट नको’ हे त्याचं उत्तर मला मान्य नाही.

सातवीतल्या एका मुलीने लोणार सरोवरावर छोटं वेबपेज केलं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हाचा फोटो तिने त्यात टाकला. घरच्या विंडोज संगणकावर सगळं छान दिसलं. पेज इंटरनेटवर चढवलं आणि फोटो गायब! “मॅडम, घरी त दिसत होता, आता दिसूनच नाही राहिला.” तपासलं तर फोटोच्या फाइलच्या नावात पहिलं ‘एल’ कॅपिटल होतं आणि कोडमध्ये छोटं. विंडोज नाव जसं लिहिलं तसं जपून ठेवतं, पण शोधताना कॅपिटल आणि स्मॉल एकच धरतं. वेबसाइट ठेवलेले सर्व्हर बहुतेक लिनक्सवर चालतात आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. लिनक्सवर एकाच फोल्डरमध्ये दोन्ही फाइली सुखाने राहू शकतात. तोच फोल्डर विंडोजवर कॉपी करायला गेलात की एक दुसरीच्या जागेवर बसायला बघते.

तुम्ही म्हणाल, देवनागरीत कॅपिटल-स्मॉल आहेच कुठे? खरं आहे, त्या भानगडीतून आपली लिपी सुटली. पण आपल्याकडे वेगळी भानगड आहे आणि कोडिंगच्या पुस्तकांत तिच्याबद्दल फारसं सापडत नाही.

‘बोऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. यातला अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये तीन प्रकारे टाइप होऊ शकतो. एक, ‘ऱ’ हे तयार अक्षर आणि पुढे हलन्त. दोन, साधा ‘र’, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त. तीन, साधा ‘र’, हलन्त आणि नंतर डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण आत साठवलेले आकडे वेगळे. कोणत्या कीबोर्डने काय टाइप केलं हे मुलाला दिसत नाही, आपल्यालाही नाही. मग कोडमध्ये यादीतलं नाव आणि फाइलचं नाव ताडून पाहिलं की उत्तर येतं ‘फाइल नाही’. पोरगं रडकुंडीला येतं, कारण फाइल तर समोर दिसतेय!

यातले पहिले दोन प्रकार एकच मानावेत असा युनिकोडचाच नियम आहे. पण तो पाळायचा की नाही हे प्रत्येक प्रणालीने आपापलं ठरवलं. ॲपलच्या जुन्या मॅकवर फाइलचं नाव साठवतानाच अक्षर फोडलं जायचं, म्हणजे तुम्ही ‘ऱ’ दिलात तरी आत ‘र’ आणि नुक्ता. २०१७ पासूनच्या नव्या व्यवस्थेत नाव दिलं तसंच राहतं, शोधताना मात्र दोन्ही एक मानतात. विंडोज आणि लिनक्स साधारणपणे यात पडतच नाहीत. आकडे वेगळे तर नाव वेगळं.

‘ॲ’ची गोष्ट त्याहून चिवट. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम चालायचं आणि आजही कित्येक जण तसंच टाइप करतात. युनिकोड या दोघांना एक मानत नाही. म्हणजे ‘ॲनिमेशन’ नावाची फाइल एकाने एका रीतीने आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने टाइप केली, तर कोणतीही प्रणाली तुमच्या मदतीला येणार नाही. मराठी आकडा आणि इंग्रजी आकडा यांचंही तेच: ‘पाठ १’मधला एक कोणता आहे ते बघावं लागतं.

यात फक्त मुलांचे फोटो हरवतात असं समजू नका. डिसेंबर २०१४ मध्ये जगभरचे प्रोग्रामर वापरतात त्या ‘गिट’मध्ये मोठी त्रुटी सापडली. गिट स्वतःची माहिती एका ठरावीक नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि बाहेरून आलेल्या कोडला त्या नावाचं फोल्डर बनवू देत नाही. पण तेच नाव कॅपिटल अक्षरांत दिलं की गिटला ते वेगळं वाटायचं आणि विंडोज किंवा मॅकला तेच. मॅकवर तर नावात न दिसणारं चिन्ह घुसवलं तरी चालायचं, कारण तिथली जुनी व्यवस्था अशी चिन्हं सोडून देऊनच नाव ताडायची. मराठी अर्ध्या अक्षरांसाठी आपण वापरतो तीच ही चिन्हं! पहारेकरी एका नियमाने ओळखतो आणि कुलूप दुसऱ्या नियमाने उघडतं, असा तो प्रकार. त्यातून दुसऱ्याच्या संगणकावर आपला प्रोग्राम चालवता येत होता. घाईने दुरुस्ती करावी लागली.

मग कोड लिहायचा कसा? आपल्या वर्गातल्या मोठ्या मुलांना पायथन दाखवत असाल तर त्यात ‘पाथलिब’ नावाचं साधन आहे. त्यात विंडोजच्या पत्त्यांचा एक प्रकार आहे आणि लिनक्स-मॅकचा दुसरा. कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेली दोन नावं पहिल्याला दिली तर उत्तर ‘सारखी’, दुसऱ्याला दिली तर ‘वेगळी’. हा प्रयोग एकाच संगणकावर होतो, वर्गात जरूर करून बघा. गंमत म्हणजे मॅकची डिस्क सहसा कॅपिटल-स्मॉल एकच मानते आणि पायथन मात्र तिथेही ती दोन नावं वेगळी सांगतो. म्हणून ‘कोणती प्रणाली आहे ते बघा आणि नियम लावा’ एवढं पुरत नाही.

फाइली खरोखर डिस्कवर असतील तर नावावर भांडण्यापेक्षा प्रणालीलाच विचारावं की हे दोन पत्ते एकाच फाइलचे आहेत का. पायथनमध्ये त्यासाठी ‘सेमफाइल’ आहे. आपण शाळेत हेच करतो. एका वर्गात एकाच नावाची दोन मुलं असली की जनरल रजिस्टरचा नंबर बघतो. फाइललाही आतून असा नंबर असतो.

फाइल समोर नसेल, नुसती नावांची यादी असेल, तर दोन्ही नावं आधी एका साच्यात आणायची आणि मगच ताडायची. कडेच्या मोकळ्या जागा काढा, युनिकोडची जोडलेली किंवा फोडलेली यांपैकी एकच रीत लावा. इंग्रजी असेल तर कॅपिटल-स्मॉल एक करा (तुर्की भाषेत कॅपिटल ‘आय’चं स्मॉल रूप बिनटिंबाचं असतं, तिथे हेही फसतं). मराठीसाठी ‘ॲ’, अर्धा ‘ऱ’ आणि आकडे यांचे नियम आपल्यालाच लिहावे लागतील. चार-पाच ओळींचं काम आहे. मूळ नाव मात्र बदलायचं नाही, साचा फक्त ताडण्यापुरता.

वेबसाइटच्या आतल्या फाइलींना साधी, स्मॉल इंग्रजी नावं द्या, याला माझा विरोध नाही. पण मुलाने लिहिलेल्या गोष्टीच्या फाइलला त्याचं मराठी नाव का नको? ‘बोऱ्हाडे’ इंग्रजीत लिहायला सांगा, तीन मुलं चार स्पेलिंगं करतील आणि तुमचं ताडणं आणखी अवघड होईल. दाखल्यावरचं आणि आधारवरचं स्पेलिंग जुळत नाही म्हणून कुठल्यातरी पोर्टलवर अडकलेली मुलं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. मुलाने नाव बरोबर लिहिलेलं असतं. ‘सारखं’ कशाला म्हणायचं याचा विचार प्रोग्राम लिहिणाऱ्याने केलेला नसतो. उद्या हे प्रोग्राम आपलीच मुलं लिहिणार आहेत.

नावांच्या लांबीकडेही लक्ष ठेवा. लिनक्सवर नावाला सहसा २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा-हलन्त वेगळे धरून. म्हणजे ८५ चिन्हं. विंडोजवर २५५ चिन्हं चालतात. ‘अहवाल अंतिम नवीन फायनल दोन’ अशी शेपटी लावायची आपल्याला फार हौस! शिवाय ‘पाठ ५’नंतर विसर्गासारखे दोन टिंब दिलेत तर लिनक्स घेईल, विंडोज घेणार नाही.

बुलडाणा-बुलढाणा मात्र कोणत्याही साच्यात बसत नाही. तिथे माणसाने बसून यादीच करावी लागते की ही दोन नावं एकाच ठिकाणाची. जिल्ह्यात तालुके १३ आहेत. वर्गाला सांगा, प्रत्येक तालुक्याचं नाव किती प्रकारे लिहिलेलं आढळतं ते आठवडाभर पाट्या, एसटीचे बोर्ड आणि घरातली कागदपत्रं बघून वहीत उतरवा. देऊळगाव राजा आणि जळगाव जामोदपासून सुरुवात करायला सांगा, तिथे बरंच सापडेल.