नियमांचा बागुलबुवा

उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या धंतोलीत बसून बर्फावरच्या नृत्याविषयी लिहिणे काहींना विनोदी वाटेल. पण 'तंत्र म्हणजे कृत्रिमता आणि मुक्तता म्हणजेच सच्चेपणा' हे समीकरण आपल्या मराठी विभागांत ज्या आत्मविश्वासाने शिकवले जाते, त्याचा प्रतिवाद करण्यासाठी जेन टॉरव्हिल आणि ख्रिस्तोफर डीन या इंग्लिश जोडीचे उदाहरण फार उपयोगी आहे.

दोघेही नॉटिंगहॅमचे. ती विमा कचेरीत कारकून, तो पोलीस शिपाई. १९८१ ते १९८४ अशी सलग चार वर्षे ते विश्वविजेते होते. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी सारायेव्होच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी राव्हेलच्या 'बोलेरो'वर नृत्य केले. मूळ संगीतरचना सुमारे पंधरा मिनिटांची, नियमाने मुभा ४ मिनिटे १० सेकंदांची, आणि संगीत कितीही आटवले तरी ते ४ मिनिटे २८ सेकंदांखाली येईना. मात्र वेळेची मोजणी सुरू होई ती स्केटचे पाते बर्फाला टेकल्यावर. म्हणून दोघांनी आरंभ गुडघ्यांवर बसून केला. पहिले अठरा सेकंद केवळ देहाचे हेलकावे! ही पळवाट आहे असे पाहणाऱ्याला जाणवतही नाही. पुढच्या आवेगाची ती अपरिहार्य पूर्वतयारी वाटते. कलात्मकतेसाठी नऊही परीक्षकांनी ६.० हे पूर्ण गुण दिले. तो नियम नसता तर ही सुरुवात बहुधा घडलीच नसती.

आता आपल्या वर्गांकडे वळू. 'वृत्त हे जोखड, मुक्तछंद ही मुक्ती' असे उत्तरपत्रिकेत लिहून विद्यार्थी एम. ए. होतो, त्याला भुजंगप्रयाताचे गण मात्र पाडता येत नाहीत. जे मोडले म्हणून कवीला गौरवायचे, ते मुळात काय होते हेच ठाऊक नसेल, तर मोडण्याचा अर्थ कसा कळावा? लयतत्त्व मांडणारे मर्ढेकर आणि नवकवितेत अभंगाचा साचा वापरणारे मर्ढेकर आपण दोन वेगळ्या प्रश्नपत्रिकांत शिकवतो. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली, ती काय निव्वळ कारागिरीच्या हौसेने?

मग सगळेच नियम पूज्य मानायचे काय? मुळीच नाही. १९८४ नंतर व्यावसायिक झाल्यामुळे याच जोडीला ऑलिंपिकची दारे बंद झाली. नियम शिथिल झाल्यावर १९९४ मध्ये ती परतली आणि कांस्यपदक मिळवून गेली. कोणी नाचावे हे ठरवणारा नियम वेगळा आणि नाचाला आकार देणारा नियम वेगळा. पहिल्याशी जरूर भांडावे. वृत्त दुसऱ्या प्रकारात मोडते. आपली समीक्षा मात्र दोहोंना एकाच काठीने झोडपते आणि त्यालाच पुरोगामित्व समजते.

आमची मागणी साधी आहे. मुक्तछंदाचे गोडवे गाण्यापूर्वी विद्यार्थ्यांना महिनाभर मात्रा मोजायला लावा. त्यानंतर ज्याला वृत्त सोडायचे असेल त्याने खुशाल सोडावे. निदान आपण काय सोडले, हे त्याला सांगता येईल.