साचा म्हणून शाळा सोडायची?

डाव्या अभ्यासवर्गात शिक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: भांडवलशाहीतली शाळा म्हणजे कामगार घडवणारा साचा. पूर्वपक्ष मांडायचा तर तो धडपणे मांडावा. लुई अल्थुसरने १९७० च्या निबंधात म्हटलं की पूर्वी चर्च जे काम करी ते आता शाळा करते. मूल वर्षानुवर्षं तिच्या ताब्यात असतं आणि शेवटी कुणी हुकूम सोडायला, कुणी झेलायला बाहेर पडतं. १९७६ साली बोल्स आणि गिंटिस या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शाळांबद्दल दाखवून दिलं की वर्गातली उतरंड कारखान्यातल्या उतरंडीसारखीच असते. पोरं मार्कांसाठी राबतात, उद्या पगारासाठी राबतील. यात खोटं काही नाही. शाळेत ज्याने छड्या खाल्ल्या त्याला हे पटवायला फ्रेंच तत्त्वज्ञ लागत नाही.

माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. शाळा साचाच असेल तर तिच्यासाठी घसा कशाला कोरडा करायचा, असा निष्कर्ष आपली मंडळी काढतात आणि तो मार्क्सच्या खात्यावर जमा करतात.

मार्क्सने काय लिहिलंय ते बघा. ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात तो इंग्लंडच्या फॅक्टरी इन्स्पेक्टरांचे अहवाल उघडून बसतो. गिरणीतल्या पोरांना शाळेचा दाखला सक्तीचा झाला होता, पण दाखला देणाऱ्या कित्येक मास्तरांना सही येत नव्हती. ते फुली मारत. एका शाळेच्या बाईंना इन्स्पेक्टरने त्यांच्या नावाचं स्पेलिंग विचारलं. आडनाव किलिन. बाईंनी सुरुवात ‘सी’पासून केली, मग सावरून ‘के’ म्हणाल्या. दुसऱ्या एका शाळेत १५ फूट लांब, १० फूट रुंद खोलीत ७५ मुलं काहीतरी पुटपुटत होती, काय ते कळत नव्हतं. मार्क्सला राग आहे तो या फसवणुकीचा, शाळेच्या नावाखाली पोरांच्या पदरात काहीच पडत नाही याचा. अर्धा दिवस काम करून अर्धा दिवस शिकणारी मुलं पूर्णवेळ शिकणाऱ्यांच्या मागे पडत नाहीत, हे तो त्याच प्रकरणात आवर्जून नोंदवतो.

‘पण जर्मन समाजवादी पक्षाच्या गोथा कार्यक्रमावर टीका करताना त्याने सरकारी शिक्षणाला विरोध केला होता ना?’ केला होता. १८७५ साली. शाळांना पैसा, शिक्षकांची पात्रता, विषय, तपासणी हे सगळं कायद्याने ठरवा, पण सरकारला जनतेचा गुरुजी करू नका, एवढंच त्याचं म्हणणं. शिवाय एक टोला: वरचं शिक्षण फुकट केलं की धनिकांच्या पोरांची फी सगळ्यांच्या करातून भरली जाते.

हा टोला मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले हेच सांगत होते: महसूल रयतेच्या घामाचा आणि तो उधळला जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. मार्क्सची ती टीका छापली गेली १८९१ मध्ये, फुले त्याच्या आदल्याच वर्षी गेले. कुणी कुणाचं वाचलेलं नाही. फुल्यांनी शाळेवर बहिष्कार घाला असं म्हटलं नाही. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा, मोडी, बालबोध, हिशेब, व्याकरण, इतिहास, भूगोल आणि शेतीची माहिती शिकवा, असं त्यांनी मागितलं.

साचा ओळखला म्हणून सुटका होते का? पॉल विलिस या अभ्यासकाने १९७७ च्या पुस्तकात इंग्लंडच्या एका औद्योगिक गावातल्या १२ कामगारपुत्रांची हकिगत लिहिली आहे. शाळेचं ढोंग त्यांनी बरोबर हेरलं होतं. मास्तरांची टर उडवली, अभ्यासू पोरांना हिणवलं, आणि त्याच मस्तीत आपल्या पायांनी चालत कारखान्यात गेले. अल्थुसरची सगळी चिकित्सा त्यांना न वाचता कळलेली होती. उपयोग शून्य.

नुसता साचा ओळखून भागत नाही, हे इटालियन मार्क्सवादी अंतोनिओ ग्राम्शीला पक्कं ठाऊक होतं. सार्डिनियातल्या या पोराला अकराव्या वर्षी शाळा सोडून कचेरीतली जडशीळ रजिस्टरं उचलावी लागली होती. पुढे मुसोलिनीच्या तुरुंगात त्याने लिहिलं की गरिबांसाठी वेगळ्या धंदेशिक्षणाच्या शाळा दिसायला लोकशाहीवादी असतात, पण वर्गभेद कायमचा करतात. एका जागी बसून व्याकरण घोटणं हेही श्रमच आहेत आणि त्याची सवय शेतकऱ्याच्या पोराला शाळेनेच लावायची असते, असं त्याचं मत. आपल्याकडे ‘गणित-व्याकरणाचं ओझं कशाला, कौशल्यं द्या’ असं उद्योगपती म्हणतात तेव्हा मला नवल वाटत नाही. पुरोगामी मित्र म्हणतात तेव्हा वाटतं. त्यांची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत जातात, हे विचारायचा मोह मी बहुतेक वेळा आवरतो.

साथींनो, पुढच्या वर्गात अल्थुसर जरूर घ्या. पण येताना जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत डोकावून या, आणि चौथीतल्या मुलाला फळ्यावरचा भागाकार सोडवता येतो का, ते बघून या.